अठरा मिनिटांचा चहा

थर्मामीटरमधला पारा बावन्नावर येऊन थांबला. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बावन्नच.

चहा कपात ओतून बरोबर अठरा मिनिटं झाली होती. पुस्तकाप्रमाणे तो आता अडुसष्ट अंश असायला हवा होता. पुस्तक दुसऱ्या कुणाचं असतं, तर सरांनी लेखकाची बिनपाण्यानं केली असती. पण पुस्तक त्यांचं स्वतःचं होतं.

एकतीस वर्षं कॉलेजातली मुलं ते वाचत आली होती. त्यातल्या अवकल समीकरणांच्या धड्याची सुरुवातच या चहानं व्हायची. या शब्दालाच पोरं बिचकतात, हे सरांना ठाऊक होतं. म्हणून ते सांगायचे, घाबरू नका. एखादी गोष्ट किती आहे ते पुष्कळदा आपल्याला माहीत नसतं, पण ती कोणत्या वेगानं बदलते आहे ते माहीत असतं. तो वेग ज्यात मांडतात ते अवकल समीकरण. ते सोडवलं, की कोणत्या क्षणी ती गोष्ट किती असेल ते सांगता येतं. कपातला चहा खोलीपेक्षा जितका जास्त गरम, तितका तो भराभर निवतो. एवढं मांडा, दोनदा मोजा, पुढचं गणित आपोआप सांगेल. आणि खाली एक ओळ होती : 'चहाला बाहेरून उष्णता मिळत नाही, असे समजा.'

मुळात हे उदाहरण एका भांडणातून जन्मलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको चार वाजता चहा ओतून हाक मारायची. सर खोलीतून 'आलोच' म्हणायचे आणि हातातलं गणित संपवून यायचे. त्यांचं 'आलोच' अठरा मिनिटांचं असे. तोवर चहाचं पार पाणी होतं, अशी तिची कुरकुर. मला तर कधी गार लागला नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एक दिवस त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटरच आणला. ओतल्या ओतल्या मोजलं. खोलीत गेले. अठरा मिनिटांनी उठले, हातांची शाई धुतली, टेबलापाशी येऊन पुन्हा मोजलं. अडुसष्ट! घरभर नाचायचेच तेवढे बाकी राहिले होते. त्यानंतर बायकोनं चहावरून कधी शब्द काढला नाही. गणितापुढे आमच्या हिनं हात टेकले, असं ते वर्गात मोठ्या कौतुकानं सांगायचे.

पुस्तकाची प्रुफं तीच तपासायची. गणित तिला फारसं कळत नसे, पण तिच्या नजरेतून एक स्वल्पविराम सुटायचा नाही. दर आवृत्तीला ती त्या एका ओळीवर पेन्सिल टेकवून विचारायची, हे वाक्य ठेवायलाच हवं का? सर न चिडता समजावून सांगायचे, की त्याच्यावाचून समीकरण उभंच राहत नाही. बरं, राहू द्या मग, असं म्हणून ती पान उलटायची. तिचं ते 'राहू द्या मग' आठवलं, की सरांना अजून हसू यायचं.

तिला जाऊन चार महिने झाले होते. सर आता स्वतःच चहा करत. तोच कप, तेच टेबल, तीच अठरा मिनिटं. आणि चहा रोज गार. शेवटी आठवडाभर मोजून पाहिलं. बावन्न, एकावन्न, त्रेपन्न, आज परत बावन्न. उदाहरण तीनदा सोडवलं, चूक सापडेना. म्हणजे ती पहिली मोजणीच चुकली असणार. इतकी वर्षं पोरांना खोटा आकडा शिकवला, या विचारानं त्यांना अन्न गोड लागेना. तरणं डोकं असताना ही तऱ्हा, तर आताच्या डोक्याचा काय भरवसा?

शनिवारी दुपारी लेक आली. नव्या आवृत्तीची प्रुफं ती छापखान्यात पोचवणार होती. टेबलावर गठ्ठा बांधून तयार होता आणि त्यावर चिठ्ठी होती. तिनं ती वाचली. चहाचं उदाहरण काढून टाकावं, पुढच्या आवृत्तीचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं, माझं डोकं आता चालत नाही. तिनं गठ्ठा सोडला. धड्याच्या पहिल्याच पानावर लाल पेन्सिलीची मोठी फुली होती.

काय झालं, असं तिनं विचारल्यावर सरांनी सगळं सांगितलं, आठवड्याचे आकडेही दाखवले. लेकीनं तो गार कप हातात घेतला. शाळेत असताना दररोज चार वाजता ती स्वयंपाकघरात, आईच्या पायाशी बसून गृहपाठ करायची.

"बाबा, तुमचं डोकं ठीक आहे," ती म्हणाली. "तुमची खुर्ची करकरली, की आई कपातला चहा परत पातेल्यात ओतायची. तुम्ही हात धुऊन येईपर्यंत गरम करून जागेवर ठेवायची."

"रोज?"

"रोज. त्या मोजायच्या दिवशीही सवयीनं करून बसली, म्हणाली. मग तुम्ही इतके खूश झालात, की तिला सांगवेना. मलासुद्धा शपथ घातली होती."

सर खाली बसले. संसाराची एकेचाळीस वर्षं गुणिले तीनशे पासष्ट, एवढा साधा गुणाकार त्यांना जमेना. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. लेकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग त्यांनी चिठ्ठी फाडली. खोडरबर घेऊन ती लाल फुली पुसली. उदाहरण होतं तसं ठेवलं, अडुसष्टसुद्धा. आणि पेन्सिलीनं फक्त एका ओळीवर काट मारली : 'चहाला बाहेरून उष्णता मिळत नाही, असे समजा.'