पावणेसहाची डिकी

आजही डिकी उघडीच होती. सकाळचे सहा वाजले होते, फाटकाचं कुलूप जसंच्या तसं होतं, आणि नीलकंठरावांची बॅटरीवरची गाडी अंगणात पुढून आ वासून उभी होती. हा सलग नववा दिवस.

त्यांनी झाकण दाणकन आपटलं. मोटर बसवलेलं झाकण आपटायचं नसतं, असं दुकानदाराने तीनतीनदा बजावलं होतं. पण दुकानदाराचं ऐकण्याचे दिवस आता संपले होते.

ही मोटर काही हौसेने बसवली नव्हती. कार्तिकात लीलाबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी त्यांना व्यायामासाठी न्यावं लागे. गल्लीत उभी राहणारी गाडी म्हणून तर अंगणात आली. प्रेम नगरातलं अंगण ते केवढं, गाडीचं नाक थेट दाराच्या पायरीला लागायचं. काखोटीला उशी आणि पिशवी, दोन्ही हातांनी बायकोला धरलेलं, मग डिकी उघडायची कशी? म्हणून लक्ष्मी गेटजवळच्या दुकानातून इंजिनाच्या जागी असलेल्या पुढच्या डिकीला हे यंत्र बसवून घेतलं. बंपरखाली पाय नुसता घालून काढला की झाकण आपलं आपण वर जातं. पहिल्याच गुरुवारी ते पाहून लीलाबाई कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या.

आणि आता हे. रोज पहाटे पावणेसहाला फोन गुरगुरायचा, डिकी उघडली. नेमके तेव्हा नीलकंठराव सोवळ्यात पूजेला बसलेले. त्यांच्या घराण्यात पूजेवरून मध्येच कुणी उठलं नव्हतं, आणि एका डिकीपायी ते उठणार नव्हते. पूजा आटोपून बाहेर यावं, तर अंगणात चिटपाखरू नाही.

सून प्रिया दुसऱ्याच दिवशी काही सांगायला आली होती. "बाबा, वो डिकी..." एवढं म्हणाली, तोच त्यांनी तुला गाडीतलं काय कळतं म्हणून तिला गप्प केलं. त्यांचा मुलगा अनुप ग्वाल्हेरला नोकरीला, शनिवारचा पाहुणा. घरात बोलायला ही एकटी, आणि हिच्याशी बोलायचं तरी काय? मराठी समजे, पण दोन-चार शब्द सोडले तर तोंडाला हिंदीच.

वर ती खोटं बोले. या गोष्टीने तर नीलकंठरावांच्या मस्तकाची शीर उठे. लीलाबाईंनी चाळीस वर्षं दारात रांगोळी घातली. हिंदी मुलखातल्या या साऱ्या गल्लीत रोज रांगोळी असलेलं हे एकच दार. आता अंथरुणावरून त्या सकाळी विचारायच्या, रांगोळी घातलीस का गं? आणि ही बिनदिक्कत सांगायची, घातली, आई. कुठे घातली? उंबरा कोरा, पायरी कोरी, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिने एकदा काढली होती, तेव्हा "हे काय, कोंबडं नाचून गेलं?" असं ते चारचौघांत म्हणाले होते. त्यानंतर तिच्या हातात रांगोळीचा डबा त्यांना दिसला नाही. येत नसेल तर तसं सांगावं माणसाने. अंथरुणाला खिळलेल्या बाईला फसवायचं म्हणजे काय?

दहा वाजता ते दुकानात धडकले. मालक कौशिक आणि कारागीर तानाजी या दोघांची त्यांनी गिऱ्हाइकांसमोर बिनपाण्याने केली. एक डिकी धड बसवता येत नाही, ते नाहीच. वर बंपरच्या खालच्या कडेला ही पांढरी भुकटी. भोकं पाडतानाचा कचरा पुसायचीही अक्कल नाही. मोलकरीण सिंधू रोज पाइप लावून अंगण धुते, गाडीचं नाकही धुते, तरी दुसऱ्या सकाळी भुकटी पुन्हा हजर. आतून गळतंय काहीतरी.

तानाजी शपथेवर सांगत होता की जोडणी ठीक आहे, खालून कुत्रंमांजर काही जात असेल. बंद फाटकातून? नीलकंठरावांनी आवाज चढवला. म्हणजे मी खोटं बोलतो?

कौशिकने तिथल्या तिथे निकाल दिला. "तानाजी, कल सुबह बाबूजी के घर जाकर देख. गलती तेरी निकली, तो परसों से मत आना."

तानाजीचं तोंड एवढंसं झालं. घरात म्हातारी आई, दोन लेकरं, मिळवता हा एकटा, असं कुणीतरी हळूच म्हणालं. बरं झालं, असं नीलकंठरावांना वाटलं. कामात लबाडी करायची, आणि मग आई पुढे करायची.

दुसऱ्या दिवशी सहाला तानाजी फाटकाशी उभा होता. डिकी उघडीच होती. घे, बघ डोळे भरून, असं म्हणून नीलकंठरावांनी टॉर्च त्याच्या हातात कोंबला. तानाजी आडवा झाला आणि बाजूने गाडीच्या नाकाखाली त्याने डोकं घातलं.

एवढ्यात आतून लीलाबाईंचा आवाज आला. "रांगोळी घातलीस का गं?"

"घातली, आई."

"ऐकलंस?" नीलकंठराव म्हणाले. "सकाळी उठून खोटं. ती आत, तू बाहेर. लाज कशी वाटत नाही तुम्हा लोकांना?"

 बऱ्याच वेळाने तानाजी सरकत बाहेर आला, तेव्हा बंपरच्या भुकटीने त्याचं कोपर पांढरं झालं होतं. इतके दिवस तो हिंदीत बोलत असे. आता घरातलं जुनं मराठी त्याने अडखळत बाहेर काढलं.

"काका, पाय जपून ठेवा. इथून वाकून बघा."

नीलकंठरावांनी गुडघे टेकले आणि टॉर्च आत धरला. गाडीच्या नाकाखाली, पायरीच्या पुढ्यात, लीलाबाईंच्या चाळीस वर्षांच्या जागेवर कासव होतं, गोपद्मं होती, एक रेघ वाकडी नव्हती, आणि वर आजचं हळदकुंकू वाहिलेलं होतं.