न घातलेलं घड्याळ

संग्रहालयाच्या माणसाने पांढरे हातमोजे चढवले आणि मगच डबी उघडली. खाटेवर उशांना टेकवून बसवलेले घड्याळजी ते बघून उजव्या बाजूने हसले. डावी बाजू अर्धांगवायूनंतर हसत नव्हती आणि हलतही नव्हती.

"काकू, मनगटी घड्याळांच्या इतिहासातला हा एक टप्पा आहे बरं का," तो माणूस म्हणाला. "याच्या आधी लोक रोज चावी द्यायचे. याला चावी द्यायची सोयच नाही. आत एक वजन आहे. घालणाऱ्याचा हात हलला की ते हलतं आणि चावी आपोआप दिली जाते. पण कारखाना लवकरच बुडाला. जी विकली गेली ती लोकांनी घालून घालून झिजवली. कधीच न घातलेलं असं हे एकच."

काकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. हे पुराण त्यांना पाठ होतं. त्यांच्या वडिलांनी पोटाला चिमटा काढून लग्नात जावयाला दिलेलं ते घड्याळ. जावई पडले हाडाचे घड्याळजी. त्यांनी बघताक्षणी त्याचं मोल ओळखलं आणि उचलून कपाटात ठेवलं. अधूनमधून उघडायचे, तेल द्यायचे, फुंकर मारायचे, पुन्हा कापसात. एवढी निगा त्या घरात दुसऱ्या कुणाची कधी राखली गेली नाही, आणि दुसरं कुणी म्हणजे काकूच होत्या.

माहेरी निघताना दर वेळी त्या म्हणायच्या, "अहो, आज तरी घाला." ते म्हणायचे, "वेडी आहेस का तू?" मग वडील दारात एकदा जावयाच्या मनगटाकडे बघायचे आणि "या, बसा" म्हणायचे. आपली वस्तू जावयाच्या पसंतीस उतरली नाही, हेच मनात घेऊन ते गेले. जपून ठेवलंय हो, असं काकूंनी सांगून पाहिलं होतं. पण असलं कुणाला खरं वाटतं?

"काचेच्या कपाटात ठेवू," तो माणूस म्हणाला. "खाली पाटी लावू. कुणाची भेट, तेही लिहू."

"कुणाची लिहिणार?"

"काकांचीच की."

घड्याळजींनी मान डोलावली. तेवढ्याने काकूंचं डोकं फिरलं.

त्यांनी कप ठेवला आणि नुसत्या हाताने घड्याळ उचललं. तो माणूस "अहो, अहो" करत राहिला. काकूंनी नवऱ्याचा डावा हात पांघरुणातून बाहेर काढला, त्यावर पट्टा गुंडाळला आणि बक्कल आवळलं. कोऱ्या चामड्याला वाकायची सवयच नव्हती, ते करकरलं.

"काढ," घड्याळजी जड जिभेने म्हणाले. "ओरखडा पडेल."

काकूंनी तो हात कोपराशी धरून हलवला, तान्ह्या मुलाकडून टाटा करवून घेतात तसा. आत वजन खडखडलं आणि सेकंदकाटा निघाला. घड्याळजी बघतच राहिले. जन्मभर लोकांची घड्याळं चालवली होती, हे मात्र स्वतःच्या हातावर चालताना पहिल्यांदाच दिसत होतं. अर्धा चेहरा कसा उजळून निघाला. हा चेहरा बाबांना एकदा, फक्त एकदा बघायला मिळायला हवा होता. काकूंना तो बघवेना. त्यांनी हात सोडून दिला.

हात पांघरुणावर पडला. काटा थोडा वेळ चालला आणि थांबला.

"अजून जरा हलव ना," घड्याळजी म्हणाले.

"बाबांनी ते धडधाकट माणसाला दिलं होतं," काकू म्हणाल्या आणि गार झालेला चहा उचलून आत गेल्या.

संग्रहालयाचा माणूस रिकामी डबी हातात घेऊन खिडकीबाहेर बघू लागला. घड्याळजींनी उजव्या हाताने डावा हात धरला आणि तो उचलायला लागले.