मुठीतला फोटो

"फोटोत जे दिसत नाही ते जो सांगेल, त्यालाच हे पिस्तूल द्यायचं, व्हर्ना. आणि नाव-गाव त्याच्या हातानं लिहून घेतल्याशिवाय त्याला सोडायचं नाही."

आई हे बोलली त्याला एकवीस वर्षं झाली होती. दोन दिवसांनी ती गेली. त्याच हिवाळ्यात व्हर्नाने जुनी लष्करी पिस्तुलं विकायचा परवाना काढला. पेनसिल्व्हेनियात कुठल्याही गावी शस्त्रांचं प्रदर्शन भरलं, की ती टेबल मांडायची. नऊ-दहा पिस्तुलं आणि कडेला ते एक.

ते कोल्ट कंपनीचं होतं. मुठीवरच्या लाकडी पट्ट्या काढून तिथे विमानाच्या खिडकीचं पारदर्शक प्लास्टिक बसवलेलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी ही रीत पाडली होती. एका बाजूने आतल्या गोळ्या दिसायच्या, दुसऱ्या बाजूला प्रेयसीचा फोटो. या मुठीत एका मुलीचा चेहरा होता. फोटो मुठीच्या मापाने गळ्याशी कापलेला. उरलेला तुकडा व्हर्नाच्या बायबलमध्ये असायचा, तो तिने कधी कुणाला दाखवला नाही. प्लास्टिक पिवळं पडलं होतं, तरी कुणीतरी आत्ताच हाक मारावी तशी ती मुलगी बघत होती.

पिस्तूल मागणाऱ्या प्रत्येकाला व्हर्ना विचारायची, "हिच्याबद्दल काही सांगता येईल?" कुणी म्हणायचं नर्स असेल, कुणी म्हणायचं नटी. व्हर्ना मान हलवून पिस्तूल परत जागेवर ठेवायची.

"अगं, तो सैनिक फ्रान्सच्या मातीत कधीच मिसळला असेल," शेजारच्या टेबलावरचा ड्वेन म्हणाला. "विकून मोकळी हो."

"नसेल मिसळला."

"महिनाअखेर तुझा परवाना संपतोय. मग काय, हिला घेऊन चर्चच्या पायरीवर बसणार?"

व्हर्नाने पिस्तुलं सरळ रांगेत लावली. गुडघे आता साथ देत नव्हते. हे शेवटचं प्रदर्शन. आजही तो माणूस आला नाही, तर आईला दिलेला शब्द तसाच राहणार होता.

जेवणानंतर एक म्हातारा आला. सत्तरीच्या आसपासचा, उंच, अंगात इस्त्रीचा शर्ट. विचारून त्याने एक जर्मन पिस्तूल उचललं, त्याच्या भागांवरचे नंबर वाचले.

"धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं," तो म्हणाला आणि दुसरं उचललं. "आणि याला नवं पॉलिश केलंय. म्हातारीला मेकअप."

"माझ्याकडे बघून बोलू नका."

तो हसला. "तुम्ही बऱ्या आहात, बाई. पॉलिश नाही." मग त्याचा हात कडेच्या कोल्टकडे गेला. "हे पहिल्या महायुद्धातलं दिसतंय. पट्ट्या मात्र नंतरच्या. मीही करायचो असल्या, सैन्यातून परत आल्यावर..."

त्याने पिस्तूल पालथं केलं. दुसऱ्या बाजूला ती मुलगी होती. हॉलमध्ये शंभर माणसं बोलत होती, तरी व्हर्नाला त्याचा श्वास ऐकू आला.

"हे कुठून आलं?"

"माझ्या आईकडून. हिच्याबद्दल काही सांगता येईल?"

बराच वेळ तो अंगठ्याने प्लास्टिक पुसत राहिला. पिवळेपणा आतून होता, तो जाईना.

"अनवाणी आहे ती," तो हळूच म्हणाला. "बूट हातात धरलेत. दगडावर उभी आहे. पाण्याचा आवाज फार होता, मी काय बोलतोय ते तिला कळत नव्हतं. म्हणून अशी बघतेय."

"फोटो तुम्ही काढलात?"

"मीच."

"तिच्याशी लग्न केलंत?"

"नाही. तिला शिकागोत नोकरी लागली होती. जायचंच म्हणत होती." तो थांबला. "हे मला हवंय. किंमत तुम्ही सांगाल ती."

व्हर्नाने खालून फॉर्म काढला. "आधी हे भरा."

"चाळीस वर्षं मी जुनी पिस्तुलं घेतोय, बाई. पैसे दिले, हात मिळवला, की झालं."

"परवान्याचा धंदा आहे. फॉर्मशिवाय माझ्याकडून टाचणीसुद्धा जायची नाही."

त्याने फोटोकडे पाहिलं, मग खुर्ची ओढली. नाव, पत्ता, जन्मतारीख, सही. अक्षर सुरेख होतं. व्हर्नाने त्याच्या गाडीच्या लायसन्सशी प्रत्येक ओळ ताडून पाहिली.

"दोन दिवस थांबावं लागेल. कायदा आहे."

"ठाऊक आहे." उठताना त्याने मुठीवर हात ठेवला. "तोवर हिला कुणाला दाखवू नका."

तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत व्हर्ना बघत राहिली. मग तिने बायबल उघडलं, तुकड्यातले अनवाणी पाय आणि हातातले बूट पाहिले आणि ते मिटून ठेवलं.

"सापडला म्हणायचा तुझा सैनिक," ड्वेन म्हणाला. "आता तरी हस की."

"पिस्तूल त्याचं नाही. माझ्या वडिलांचं आहे. पट्ट्या आईनं मागाहून बसवून घेतल्या. त्याला पिस्तुलांचा नाद आहे, एवढंच या मुलीनं आईला सांगितलं होतं. नाव नाही."

"मग ही मुलगी?"

"माझी थोरली बहीण, आर्डिथ." व्हर्नाने फॉर्मची नीट घडी घातली. "ओढ्यातून तिचं प्रेत बाहेर काढलं, तेव्हा कॅमेरा काठावरच्या गवतात पडला होता. आत हा एवढा एकच फोटो, त्याच कपड्यांतला. पोलिसांनी लिहिलं, एकटीच होती, पाय घसरला."

ड्वेनच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. व्हर्नाने कोटाची बटणं लावली, टेबलाकडे लक्ष ठेव म्हणून त्याला सांगितलं आणि मैदानापलीकडच्या पोलीस चौकीच्या दिशेने सावकाश चालू लागली.