होडी पाण्यावर असताना

नकाशा टेबलावर पसरला होता. एका कोपऱ्यावर किटली, दुसऱ्यावर मुरंब्याची बरणी. टॉरमॉदचं बोट किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत होतं.

"ही मेंढ्या धुवायची घळ. हा विधवेचा खडक. कोणती विधवा ते विचारू नकोस, गावात कधी तोटा नव्हता."

खडकांची जुनी नावं जमवणारी मार्सली हसली आणि तिने रेकॉर्डर त्याच्या तोंडाजवळ सरकवला. त्याचा आवाज चाळणीतून आल्यासारखा येत होता. उद्या इन्व्हरनेसच्या इस्पितळात त्याचं स्वरयंत्र काढणार होते. तिकडे जायची फेरीबोट आज संध्याकाळची. जन्मभर तो गॅलिक, इथली जुनी भाषा, बोलला, पण ती लिहायला शाळेने शिकवलं नव्हतं. जे मिळायचं ते आजच, आवाजातूनच.

त्याचं बोट खाडीच्या तोंडाशी, शेवटच्या खडकावर थांबलं.

"हा बाहेरचा."

"काका, ते होडीत म्हणायचं नाव. खरं सांगा ना."

"गावातली एक जरी होडी पाण्यावर असली तरी त्याचं खरं नाव घेत नाहीत. आईने एवढंही शिकवलं नाही तुला?"

शिकवलं होतं. पण ते नाव माहीत असलेला आता टॉरमॉद एकटाच उरला होता. त्याच्या मुलाला, कॅलमला विचारण्यात अर्थ नव्हता; कॅलमच्या होडीत वाट दाखवणारा यंत्राचा पडदा होता आणि पडद्यावर खडकांचे नुसते ठिपके.

कॅलम सकाळीच शेवंडांचे पिंजरे उचलायला गेला होता. धुकं असं उतरलं होतं की दारापुढचं कुंपणही दिसेना. त्याची बायको शोनाग खिडकीच्या काचेला कपाळ टेकून उभी होती.

"अगदी हळू सांगितलं तर?" मार्सली म्हणाली.

शोनाग वळली. "तुझा नवरा आहे का गं तिथे?"

मार्सलीने रेकॉर्डर मागे घेतला.

बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला. टॉरमॉद उठला, टोपी घातली आणि टॅक्सीला वळसा घालून धक्क्याकडे चालू लागला. दोघी मागोमाग धावल्या.

"कॅलम!" तो धुक्यात ओरडला.

"बाबा, डॉक्टरांनी ओरडू नका सांगितलंय ना..." शोनाग म्हणाली.

"कॅलम!"

पाण्याची चुबुकचुबुक तेवढी ऐकू आली. तो ओरडत राहिला. हाक फाटत गेली, चिरकली, तरी ओरडत राहिला. मग डावीकडून इंजिनाची घरघर आली आणि होडीचं नाक धक्क्याला लागलं.

"पडदाच बंद पडला," कॅलम म्हणाला. "बाबांच्या आवाजावर आलो."

"गाढव कुठला!" शोनाग म्हणाली आणि दोर ओढायला लागली.

आता पाण्यावर एकही होडी उरली नाही अशा समजुतीने टॉरमॉदने मार्सलीला खुणेने जवळ बोलावलं. तिने रेकॉर्डर धरला. त्याचे ओठ हलले. नुसती हवा आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. शेवटी कॅलमची मान धरून खाली ओढली आणि तोंड त्याच्या कानाला लावलं.

कॅलम बराच वेळ तसाच वाकून होता. सरळ झाला तेव्हा मार्सलीने रेकॉर्डर त्याच्यापुढे केला.

टॅक्सीवाला भोंगा दाबतच होता. कॅलमने वळून धुक्याकडे पाहिलं.

"रॉरीची होडी यायची आहे अजून," तो म्हणाला.