जानकीबाईंचं कपाळ

“सगळी ओरड कपाळाची आहे, वहिनी,” गंगाधर म्हणाला आणि वाचकांच्या अभिप्रायांचा गठ्ठा त्यानं सुभद्रेपुढे आपटला.

गिरगावातल्या त्या छापखान्यात सुभद्रा नेहमी मागच्या दारानं येई. मुलांच्या मासिकात दर महिन्याला जानकीबाईंची गोष्ट छापून येत होती ती हिच्या हातची, पण खाली नाव असे ‘एक बालमित्र’. हा बालमित्र म्हणजे संपादक गंगाधरची विधवा भावजय आहे, हे फक्त छापखान्यातल्यांना ठाऊक होतं.

जानकीबाई वाळकेश्वरच्या एका शेटजींच्या घरी मुलांना शिकवायला राहिलेल्या. विधवा, जिभेनं तिखट, नाकावर चष्मा. पाढे घेता घेता घरातल्या नि शेजारपाजारच्या चोऱ्या हुडकून काढायच्या. माळ्यावरचं भूत म्हणजे डोकं तांब्यात अडकलेली मांजर निघाली, तेव्हा निम्मं गिरगाव पोट धरून हसलं होतं. आणि हसून झाल्यावर थोरांनी दौत पुढे ओढली होती.

गंगाधर वाचायला लागला. दादरच्या एका पेन्शनरांचा नातू म्हणे पाढे विसरला आणि भिंग घेऊन स्वयंपाकघरात रांगतो. कुणा फौजदारसाहेबांना गोष्टीतला हवालदार विहिरीत पडलेला मुळीच रुचला नव्हता. आणि ठाकुरद्वारच्या शास्त्रीबुवांनी लिहिलं होतं, “सकाळी अंक उघडावा तो पहिल्याच पानावर पांढरं कपाळ. लेकरांना दिवसाच्या आरंभी हे दर्शन कशाला?”

“असे बरेच आहेत,” गंगाधर म्हणाला. “तर मी तोड काढलीय. जानकीबाईंचा नवरा मेलेलाच नाही. काशीला गेला होता, तो परत येतो. तुम्ही पुढच्या गोष्टीत तेवढं घाला. चित्राला आपण कुंकू लावू.”

“आणि नवरा आला की तो तिला परक्याच्या घरी राहू देईल?” सुभद्रेचा आवाज चढला. “ती एकटी आहे म्हणून चार घरं फिरते, भावोजी. नवरा घरी आला की चोर सुटले आणि जानकीबाई चुलीपुढे बसल्या. गोष्ट संपली!”

“मग संपू दे. नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतो.”

सुभद्रेच्या अंगाची लाही झाली. तीन वर्षं तिनं या बाईला वाढवलं होतं. घरात कुणी हसण्याजोगं बोलत नसताना जानकीबाईच तिच्याशी बोलत होत्या. तिनं गठ्ठ्यातलं अगदी तळाचं कार्ड ओढलं. माझगावच्या कुणा मुलीनं वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, “जानकीबाईंस आमच्या घरी पाठवावे. आमचे तूप कोण खातो ते शोधायचे आहे. मला वाटते आजोबाच खातात.”

“हा अभिप्राय नाही वाचलात?”

“मुलांचं काय घेऊन बसलात? वर्गणी त्यांचे बाप भरतात.” गंगाधरनं मान वळवली. “कुशाबा, जमेल ना रे?”

खिडकीशी बसून लाकडी ठसे कोरणारा कुशाबा जानकीबाईंच्या चित्राचा ठसा हातात घेऊन होता. कागदावर कपाळ कोरं उमटावं म्हणून तेवढं लाकूड त्यानंच पूर्वी खोदून काढलं होतं. आता तिथे शाई लागायला काहीच उरलं नव्हतं.

“जमात तर,” तो म्हणाला. “कपाळाक भोक पाडूक व्हया. त्यात खुंटी ठोकतंय नि वरसून घासतंय. मगे काळो ठिपको उठतलो.”

“पाड मग,” गंगाधर म्हणाला. “एवढ्याशा ठिपक्यानं कुणाचं काय बिघडतंय?”

कुशाबानं भोक पाडायचा सामता उचलला आणि त्याचं टोक जानकीबाईंच्या दोन भुवयांमध्ये टेकवलं.

सुभद्रेला आपलं कपाळ आठवलं. ते पुसताना कुणी कुणाचा अभिप्राय मागवला नव्हता. बायका आल्या, पुसलं, गेल्या. आणि आज कागदावरच्या बाईला शास्त्रीबुवांचा दिवस बरा जावा म्हणून कुंकू परत मिळत होतं. इतका राग तिला त्या दिवशीसुद्धा आला नव्हता.

ती उठली. यंत्राशेजारी छपाईची शाई घोटायच्या फरशीवर काळा थर पसरलेला होता. तिनं त्यात बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, दाबून टेकवलं.

यंत्रावरचा दौलत चाक फिरवायचा थांबला. कुशाबाच्या हातातला सामता खाली आला.

“वहिनी!” गंगाधर खुर्चीतून ताडकन उठला. “हे काय आरंभलंत? पुसा ते आधी!”

“का? एवढासा ठिपका, भावोजी. कुणाचं काय बिघडतंय?”

“पुढच्या खोलीत तक्रारी घेऊन वर्गणीदार बसलेत! कुणी पाहिलं तर?” त्यानं पाण्याचा लोटा तिच्यापुढे धरला. “पाणी घ्या. पुसा.”

“तुमच्याच छापखान्याची शाई आहे. पाण्यानं जायची नाही.”

तिनं कुशाबाच्या मांडीवरचा जानकीबाईंचा ठसा उचलला. माझगावचं कार्ड आणि ठसा पदराआड घेऊन ती निघाली. मागच्या दाराशी तिच्या चपला होत्या. त्या तिनं हातात घेतल्या आणि पुढच्या खोलीचं दार उघडलं.

आत बाकावर बसलेल्या चौघांच्या हातातले अंक खाली आले.

“बसा, बसा,” सुभद्रा म्हणाली. “मी बालमित्र. काय म्हणत होतात तुम्ही कपाळाबद्दल?”