ताईच्या दारातली पोती

गल्लीच्या पूर-पथकाची प्रमुख दोघी बहिणींतली धाकटी होती. वाळूची पोती कशी रचायची, हे ती साऱ्या गल्लीला शिकवायची, पण दर पुरात तिच्याच घरात गुडघाभर पाणी शिरायचं. भिंतीला भिंत लागून असलेल्या ताईच्या घरात मात्र थेंबही नाही. पोती तशीच, उंबराही तेवढाच. वर लोक म्हणायचे, "पोती लावावीत तर ताईने." ते ऐकून धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

या वेळी पाणी चढलं, तेव्हा भर दुपारी ती ओल्या कपड्यांनिशी ताईच्या दारात आली. ताई आत पाठमोरी बसून कोरड्या चादरींच्या घड्या घालत होती. ते बघून धाकटीला राहवेना. "एकदा हिचंही घर भिजू दे," असं पुटपुटत तिने दारातली पोती एकेक करून बाजूला ओढली.

पाणी आत गेलं नाही. ते उंबऱ्यावर काचेसारखं उभं राहिलं. धाकटी मांडीभर पाण्यात होती आणि पुढ्यात कोरडी ठणठणीत फरशी.

"काढलीस पोती?" ताईने मागे न बघता विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाहेरचं पाणी अडवायला नव्हती गं ती."

स्वयंपाकघराच्या दारात, कोरड्या फरशीवर, एक ओलं पाऊल उमटलं. मग त्याच्यापुढे दुसरं.

ताईने चादरी उचलून वाट करून दिली.

"हिचं घर शेजारीच आहे," ती त्या पावलांना म्हणाली.