डावा पट्टा रुंद, उजवा अरुंद

इब्रा गावाच्या पुढे वाळवंटाच्या वाळूत उतरण्याआधी माझ्या, म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या बाजूच्या दोन चाकांची हवा मी कमी केली. दुसरी बाजू कॉनराडकडे होती. तो नॅटलीशी, म्हणजे बायकोशी, फोनवर बोलता बोलता विसरला. त्यामुळे आमच्या गाडीचा माग विनोदी उमटत होता: डावा पट्टा रुंद, उजवा अरुंद.

“केयूर, पुढे बघ.”

पुढच्या टेकाडावर तसाच माग होता. आम्ही तिथे अजून पोहोचलोच नव्हतो.

“असेल कोणीतरी तुझ्यासारखा नवरा,” मी म्हणालो आणि मुद्दाम उजवीकडे वळलो. पुढचा मागही उजवीकडे वळलेला होता.

टेकाडाच्या माथ्यावर तो संपला. तिथे गाडी नव्हती. उजव्या दारापासून निघाल्यासारखी एका माणसाची पावलं खाली गेली होती. परतीची नव्हती.

कॉनराडने दार उघडलं. “जरा बघून येतो.”

“गप बस! नॅटलीला नवरा अख्खा परत द्यायचाय मला.” मी त्याची कॉलर धरली आणि गाडी दामटली.

आरशात पाहिलं, तर माथ्यावर उभा राहून कॉनराड हात हलवत होता, थांब म्हणून.

मी शेजारच्याची कॉलर आणखी घट्ट धरली.

“यल्ला, निघू या,” मी त्याला म्हणालो, “घरी तूच चल.”